मुशींतून वांचलेलें रुपें

आजच्या माझ्या भाषणाचा विषय जुनीं चांदीचीं नाणीं हा आहे. जुनीं म्हटलीं तरी तीं सातवाहनांचीं किंवा यादवांचीं नव्हेत. तीं पाहण्यास वस्तुसंग्रहालयांत जावें लागतें आणि वाचण्यास पंडित लागतात. मी बोलणार आहें तें आपल्या आजोबा-पणजोबांच्या कनवटीस असलेल्या रुपयांविषयीं, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतील नाण्यांविषयीं. नांदेड-लातुराकडील जुन्या घरांतून देव्हाऱ्यांत, लाकडी पेटींत किंवा एखाद्या वृद्ध बाईच्या गळ्यांत असा एखादा रुपया अजून सांपडतो. त्याच्याकडे कसें पहावें, त्यांतील कोणता दुर्मिळ व तो दुर्मिळ कां, आणि आपण त्याचें काय करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मी शाळामास्तर. इतिहासाच्या तासाला घरांतील एखादें जुनें नाणें पहावयास आणा, असें मुलांना सांगण्याचा माझा परिपाठ असे. नाणें घेऊन आलेल्या मुलाचा प्रश्न ठरलेला: "गुरुजी, हें किती जुनें?" आणि त्याच्या वडिलांचा प्रश्नहि ठरलेला: "गुरुजी, याचे किती येतील?" लोक हे दोन्ही प्रश्न एकच समजतात. जितकें जुनें तितकें दुर्मिळ, आणि जितकें दुर्मिळ तितकें मोलाचें, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाहीं. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा रुपया आज दीडशें वर्षांहून जुना आहे. परंतु त्या सालाचाच ठसा पुढें कित्येक वर्षें वापरल्यामुळें तो अद्यापि सराफ्यांत सहज मिळतो. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया वयानें त्याच्या नातवासारखा. पण त्याच्यासाठीं संग्राहक देशभर हिंडतात.

मग दुर्मिळपणा ठरतो तो कशावरून? किती पाडलीं यावरून म्हणावें, तर तेंहि अर्धेंच खरें आहे. टांकसाळीच्या दप्तरांत कोट्यवधि नाण्यांची नोंद असावी आणि बाजारांत एकहि मिळूं नये, असेंहि घडतें. कारण चांदीच्या नाण्याचा खरा शत्रू म्हणजे सोनाराची आणि सरकारची मूस. किती नाणीं त्या मुशींतून वांचलीं, यावर सर्व अवलंबून असतें. आजच्या भाषणाचें सार हेंच. आतां त्याचीं उदाहरणें पाहूं.

प्रथम आपल्या घरचें उदाहरण घेऊं. आपला मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. हिंदुस्थानांतील पुष्कळ संस्थानांनीं आपलें नाणें बंद करून इंग्रजी रुपया पत्करला. हैदराबादनें मात्र आपलें नाणें अखेरपर्यंत चालविलें. त्यास हाली सिक्का म्हणत. हाली म्हणजे चालू. इंग्रज सरकारच्या रुपयास आपल्याकडे कलदार हें नांव होतें. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. पूर्वीं हाली रुपया हातानें घण मारून पाडीत, म्हणून हा भेद लोकांच्या डोळ्यांत भरला आणि नांवांत राहिला. पुढें हालीहि यंत्रावर निघूं लागला. १९०३ सालीं हैदराबादेंत सैफाबाद येथें नवी टांकसाळ सुरू झाली, आणि त्याच सुमारास चारमिनाराचें चित्र असलेला सुबक रुपया बाहेर पडला. आपल्याकडे घरोघर सांपडतो तो बहुधा हाच.

या रुपयावर राजाचा मुखवटा नाहीं. एका बाजूस चारमिनार आणि त्याभोंवतीं फारसी अक्षरांत निजामाच्या पदव्या. दुसऱ्या बाजूस किंमत, राज्यारोहणाचें वर्ष आणि 'फरखुंदा बुनियाद हैदराबाद' येथें पाडल्याचा उल्लेख. ९२ हा आंकडाहि त्यावर असतो. मुलें त्याला साल समजतात, पण तें साल नव्हे. अक्षरांना संख्या मानून बेरीज करण्याची जी अब्जद नांवाची रीत आहे, तिच्याप्रमाणें महंमद या नांवाचे ९२ होतात. चारमिनाराच्या कमानींत एक लहानसें अक्षर आहे, तें नीट पहावें. तें मीम असेल तर नाणें महबूब अलीखानाचें, ऐन असेल तर उस्मान अलीखानाचें. महबूब अलीखान १९११ सालच्या ऑगस्टांत वारले, तें हिजरी १३२९ साल. म्हणून त्या सनाच्या नाण्यावर हें एक अक्षर राजा कोणता तें सांगतें. उस्मान अलीखानाच्या अगदीं आरंभींच्या रुपयांवर हा ऐन अर्धवट लिहिलेला आहे आणि पुढच्या रुपयांवर पूर्ण. नुसत्या डोळ्यांस न दिसणारा एवढासा फरक; पण संग्राहक भिंग घेऊन बसतो तो याच्यासाठींच.

आतां थोडें गणित. कलदार रुपयाचें वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्याचे बारा भाग केल्यास अकरा भाग शुद्ध रुपें. तेव्हां एका कलदारांत १०.६९ ग्रॅम रुपें झालें. हाली रुपयाचें वजन ११.१८ ग्रॅम आणि कस शेंकडा सुमारें ८२. म्हणून त्यांत ९.१४ ग्रॅम रुपें. सात हाली घेतले तर ६४ ग्रॅम, आणि सहा कलदार घेतले तरीहि ६४ ग्रॅम. आपल्या वडील पिढीच्या तोंडीं जो हिशेब असे, कीं सात हालीचे सहा कलदार, त्याचें मूळ हें आहे. बाजारांत बट्टा कमीजास्त होई. पण तो हिशेब मनमानी नव्हता, तो धातूच्या वजनावर उभा होता.

हीं दोन चलनें आपल्या बाजारपेठांतून रोज एकमेकांस भेटत. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ सालीं लातुरास पोहोंचली. बार्शी सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे इंग्रजी मुलुखांत, लातूर निजामाच्या. लातुराच्या अडतींतून गेलेला माल बार्शीस विकला कीं पैसे कलदारांत, आणि शेतकऱ्यास गांवीं चुकते करावयाचे ते हालींत. नांदेडाहून गोदावरीच्या कांठानें जाणारी रेल्वे मनमाडास, म्हणजे पुन्हां इंग्रजी मुलुखांतच, पोहोंचे. त्यामुळें मराठवाड्याच्या जुन्या पेटींत चारमिनारहि सांपडतो आणि राजाचा मुखवटाहि. पुण्या-साताऱ्याच्या पेटींत बहुधा एकच सांपडेल. संग्राहकाच्या दृष्टीनें ही आपल्या मुलुखाची मोठीच श्रीमंती आहे.

हे रुपये एवढे मुबलक होते, तर गेले कोठें? याचें उत्तर समजण्यासाठीं थोडें दूर, म्हणजे अमेरिकेंत, जावें लागेल. कलदार रुपयाचा आणि अमेरिकेच्या चांदीच्या डॉलरचा एक विलक्षण संबंध आहे. आपल्याकडे तो फारसा कोणास ठाऊक नाहीं.

पहिलें महायुद्ध चाललें होतें. हिंदुस्थानांतून धान्य, ताग, कातडीं, कापड असा माल अतोनात बाहेर जात होता, आणि येथील सैनिकांचे पगारहि चुकवावे लागत होते. त्या सर्वांसाठीं रुपये पाहिजेत. इकडे रुप्याचा भाव चढत चालला, आणि एक वेळ अशी आली, कीं रुपयांतील रुपें रुपयाहून महाग झालें. असें झालें म्हणजे नाणें बाजारांत रहात नाहीं. तें पुरलें जातें किंवा वितळविलें जातें. नोटा घेऊन लोक सरकारी खजिन्याकडे रुपये मागावयास येत, आणि खजिना तर रिकामा होत चाललेला. म्हणून १९१७ सालच्या ३० नोव्हेंबरास सरकारनें एक रुपयाची नोट काढली, आणि पाठोपाठ १९१८ सालीं अडीच रुपयांची. चवली १९१८ सालीं निकेलची झाली. पुढल्या सालीं निकेलच्या पावल्या व अधेल्याहि निघाल्या. निजाम सरकारनेंहि रुप्याच्या याच टंचाईमुळें १९१८ सालीं प्रथम कागदी नोटा काढल्या.

एवढ्यानें भागेना, तेव्हां अमेरिका पुढें आली. अमेरिकेच्या सरकारी तिजोरींत चांदीच्या डॉलरांच्या राशी पडून होत्या. तेथील लोकांना जड नाण्यापेक्षां त्याच्या बदलीचा कागद सोयीचा वाटे, म्हणून ते डॉलर टांकसाळींतून निघून थेट तळघरांत जात. १९१८ सालच्या २३ एप्रिलास तेथें एक कायदा मंजूर झाला. तो नेव्हाडा प्रांताचे सिनेटर पिटमन यांच्या नांवानें ओळखला जातो. त्या कायद्यानें एकंदर २७,०२,३२,७२२ डॉलर वितळविण्यांत आले. त्यांपैकीं २५,९१,२१,५५४ डॉलरांचें रुपें हिंदुस्थानाच्या नाण्यांसाठीं इंग्रज सरकारला विकलें गेलें. तें सुमारें २० कोटि औंस भरलें.

यांतील गणितहि पहाण्याजोगें आहे. एका डॉलरांत शुद्ध रुपें २४.०६ ग्रॅम आणि एका कलदारांत १०.६९ ग्रॅम. भागाकार करून पहा: बरोबर सव्वादोन. म्हणजे एक डॉलर वितळविला कीं सव्वादोन रुपयांपुरतें रुपें निघावें. या हिशेबानें २५ कोटि ९१ लाख डॉलरांतून ५८ कोटींवर रुपये होतात. १९१८ व १९१९ या दोन सालीं कलकत्ता आणि मुंबई या टांकसाळींनीं प्रत्येकीं दरसाल २० कोटींहून अधिक रुपये पाडले ते उगीच नव्हे. आपल्या घरीं पंचम जॉर्जचा १९१८ किंवा १९१९ सालचा रुपया असेल, तर त्यांतील रुपें कधींकाळीं अमेरिकेच्या तिजोरींत पडून असलेला डॉलर होतें, असें असण्याचा पुष्कळच संभव आहे. औश्याच्या किंवा कंधारच्या एखाद्या घरांत लक्ष्मीपूजनास मांडलेला रुपया, आणि तिकडे सातासमुद्रांपलीकडची ती तिजोरी! रुपें किती प्रवास करतें पहा.

या वितळणीचा परिणाम अमेरिकेच्या संग्राहकांवर काय झाला, तें आपल्यालाहि शिकण्यासारखें आहे. वितळविलेल्या डॉलरांची संख्या लिहून ठेविली गेली. पण कोणत्या सालचे व कोणत्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद राहिली नाहीं. त्यामुळें त्या जुन्या डॉलरांच्या बाबतींत, ज्यांना तेथें त्यांच्या कारागिराच्या नांवावरून मॉर्गन डॉलर म्हणतात, टांकसाळीच्या आंकड्यावरून कांहींच ठरविता येईना. न्यू ऑर्लिन्स येथें पाडलेला १९०३ सालचा डॉलर पहा. ते ४४ लाख ५० हजार पाडले होते. पण दिसत मात्र क्वचितच. लोकांनीं ठरविलें, कीं ते सर्व मुशींत गेले. आणि त्याची किंमत भलतीच चढली. मग १९६२ सालीं सरकारी तिजोरींतून जुन्या थैल्या बाहेर निघाल्या, आणि त्यांत हेच डॉलर कोरेच्या कोरे! किंमत एकदम कोसळली. ज्यांनीं भारी मोल देऊन तो घेतला होता, त्यांच्या नाण्यांत कांहींच बदल झाला नव्हता. बदललें होतें तें फक्त किती वांचले याविषयींचें ज्ञान.

कांहीं नाणीं मात्र मुळांतच थोडीं असतात. अमेरिकेचा १९१६ सालचा उभ्या स्वातंत्र्यदेवतेचा पाव डॉलर अवघा ५२ हजार निघाला. त्याच सालचा डेन्व्हर टांकसाळीचा दहा सेंटांचा चांदीचा तुकडा २ लाख ६४ हजार. सॅन फ्रान्सिस्कोचा १९१३ सालचा पाव डॉलर तर अवघा ४० हजार. यांची किंमत आजवर टिकून आहे. शिवाय यांतील शेवटचीं दोन नाणीं ओळखण्याची खूण म्हणजे टांकसाळीचें एक बारीक अक्षर. तें अक्षर नसेल तर तेंच साल सामान्य ठरतें. आपल्याकडेहि असेंच आहे. पंचम जॉर्जच्या रुपयाच्या मागील बाजूस तळाच्या कमळाखालीं टिंब असल्यास तो मुंबईचा, नसल्यास कलकत्त्याचा.

आतां परत आपल्या देशांत येऊं. पहिल्या युद्धांत अमेरिकेच्या डॉलरांचे रुपये झाले. दुसऱ्या युद्धांत त्या रुपयांचीहि पाळी आली. १९४० सालीं सरकारनें रुपयांतील रुपें निम्म्यावर आणलें. नव्या रुपयांत अर्धें रुपें, आणि बाकीचें तांबें, निकेल व जस्त. अर्थातच लोक जुना, कसाचा रुपया दडवूं लागले. म्हणून १९४१ ते १९४३ या काळांत प्रथम राणीछाप, मग एडवर्डचा व मग जॉर्जचा असे जुने कसाचे रुपये क्रमाक्रमानें चलनांतून रद्द करून परत घेतले गेले. जे रुपये अमेरिकेच्या डॉलरांतून जन्मले होते, त्यांतील असंख्य पुन्हां मुशींत गेले. १९३९ सालचा रुपया दुर्मिळ कां, तेंहि येथें उलगडतें. तो जुन्या कसाचा शेवटचा. फार थोडा लोकांच्या हातीं आला, आणि पाठोपाठ ही वितळण सुरू झाली.

१९११ सालच्या रुपयाची कथाहि मुशीचीच. पंचम जॉर्जच्या त्या पहिल्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील अलंकारांत हत्ती कोरला होता. पण त्याची सोंड इतकी आंखूड उतरली, कीं लोकांना तो डुकरासारखा दिसूं लागला. मुसलमान समाजांत त्यामुळें फार क्षोभ झाला. दोन्ही टांकसाळींनीं मिळून ९० लाखांवर रुपये पाडले होते. बाहेर गेले ते सुमारें सात लाखच. बाकीचे वितळविले, आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. १९११ सालचा रुपया हातीं आला तर तो दागिन्यांत मोडूं नये, हें यावरून ध्यानांत येईल. १९२१ व १९२२ सालचे रुपयेहि असेच; रुप्याची टंचाई सरल्यावर ते फार थोडे निघाले.

हैदराबाद भारतांत सामील झाल्यावर हालीचेहि दिवस भरले. पुढच्या दशकांत हाली रद्द होऊन सर्वत्र एकच रुपया झाला, आणि १ एप्रिल १९५७ पासून आण्यांच्या जागीं नवे पैसे आले. पेट्यांतून उरलेला चारमिनार आतां नाणें न राहतां नुसता धातू झाला, आणि सोनाराच्या दुकानाची वाट चालूं लागला. त्याचे वाळे झाले, तोडे झाले, निरांजनें झालीं.

या वितळणींतून जे रुपये वांचले ते कोणीं वांचविले? मोठ्या संग्राहकांनीं वांचविले असतील ते थोडे. बहुतेक वांचविले ते आपल्या बायाबापड्यांनीं. किनवट-माहुराकडील तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत रुपये, अधेल्या, पावल्या ओंवलेल्या असत. आपल्या कुणबी घरांतूनहि रुपयांच्या माळा होत्या. नाण्यास कडी डाग देऊन बसविलेली असली, कीं संग्राहक नाक मुरडतो; नाणें बिघडलें म्हणतो. आणि बाजाराच्या दृष्टीनें तें खरेंहि आहे. परंतु मी मुलांना सांगत असें, कीं ती कडी नसती तर तें नाणें आज तुमच्यापुढें आलेंच नसतें. गळ्यांत होतें म्हणून सरकारच्या परतफेडींत गेलें नाहीं. सौभाग्याचें लेणें म्हणून दुष्काळांतहि शेवटपर्यंत राखलें गेलें. एखाद्या आजीनें कसल्याहि पुस्तकाशिवाय केलेला हा संग्रह आहे. तो पाहतांना आदरानेंच पहावा.

श्रोतेहो, मी हें आजच सांगतों आहें त्याला कारण आहे. २०२४ सालीं चांदीच्या भावानें किलोस एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या भावानें एका कलदारांतील नुसतें रुपेंच हजार रुपयांवर जातें. १९१८ सालीं जी स्थिति होती, तीच वेगळ्या रूपानें पुन्हां आली आहे. घरांतील वडील माणूस गेलें, वांटणी निघाली, आणि पेटींतील मूठभर जुनीं नाणीं तराजूंत टाकून एका वजनांत मोजलीं गेलीं, असे प्रसंग नांदेडच्या आणि लातूरच्या बाजारांत रोज होत असतील. विकणाऱ्यास गरज असते. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. कोणाच्या मुलीचें लग्न, कोणाचें दवाखान्याचें बिल. माझें म्हणणें एवढेंच, कीं तराजूंत टाकण्यापूर्वीं साल वाचावें. कदाचित् त्या मुठींतील एकाच नाण्यास बाकी सर्वांहून अधिक मोल येईल, आणि तुमची गरज तेवढ्यानेंच भागून उरलेलीं वांचतील.

साल कसें वाचावें? कलदारावर तें इंग्रजींतच आहे. चारमिनारावर हिजरी सन आहे, आणि आंकडे फारसी. एक म्हणजे उभी रेघ. शून्य म्हणजे टिंब. सात म्हणजे वर उघडा कोन, आणि आठ म्हणजे तोच कोन उलटा. पांच वाटोळा, आणि नऊ आपल्या ओळखीच्या इंग्रजी नवासारखाच. सन वाचल्यावर त्याला ३३ नें भागावें, आलेला भागाकार सनांतून वजा करावा, आणि ६२२ मिळवावे. उदाहरणार्थ १३२९ घ्या. ३३ नें भागून ४० आले. १३२९ मधून ४० गेले, १२८९ राहिले. त्यांत ६२२ मिळविले, १९११ झाले. एखाद्या वर्षाचा फरक पडला तरी हिशेब चुकला असें समजूं नये. हिजरी वर्ष चांद्र असल्यानें तें दोन इंग्रजी सालांत विभागलेलें असतें.

आतां कांहीं सावधगिरीच्या गोष्टी. नाणें घासूं नये. दिवाळीला चिंच, राख किंवा पावडर लावून रुपये चकचकीत करण्याची चाल आहे. पूजेचा एखादा रुपया घासा, पण सर्व पेटी घासूं नका. काळसर पडलेली कळा हें नाण्याचें कातडेंच आहे. तें सोललें कीं बारीक अक्षरें झिजतात आणि मोल निम्म्याहून कमी होतें. नाणीं कोरड्या कागदांत, वेगवेगळीं ठेवावींत.

खोट्या नाण्यांचाहि सुळसुळाट आहे. अमेरिकेचे डॉलर म्हणून मुलामा दिलेल्या चकत्या विकल्या जातात. दुर्मिळ सालचे रुपयेहि ओतून केलेले सांपडतात. घरच्या घरीं तीन परीक्षा कराव्यात. पहिली वजनाची: कलदार पावणेबारा ग्रॅमांच्या आंत-बाहेर, हाली सव्वाअकराच्या. झिजलेला थोडा हलका भरतो, पण जड भरूं नये. दुसरी लोहचुंबकाची: रुपें चुंबकाला चिकटत नाहीं. तिसरी भिंगाची: ठशानें पाडलेल्या नाण्याचीं अक्षरें धारदार असतात, ओतलेल्याचीं बोथट, आणि कडेला सांधा दिसतो. या तिहींत उतरलें तरी भारी मोल देण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावेंच. आणि रामदरबाराचें चित्र असलेलें, कंपनी सरकारचें म्हणून सांगितलेलें, तांदूळ ओढून घेणारें चमत्कारी नाणें कोणी लाखों रुपयांना देऊं लागला, तर तो ठक समजावा. रामदरबार असलेलें चलनी नाणें कंपनीनें कधीं काढलेंच नाहीं, आणि कोणतेंहि नाणें तांदूळ ओढीत नाहीं.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. शेत नांगरतांना किंवा जुन्या घराचा पाया खणतांना नाण्यांचें गाडगें लागलें, तर १८७८ सालच्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणें तें जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. तें लपवून सोनाराकडे नेलें तर गुन्हा होतो, आणि इतिहासाचाहि एक दुवा तुटतो. दुसरें असें, कीं १९७२ सालच्या पुरावस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें पुरावस्तु ठरतें. तें परवानगीवांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं. परदेशीं असलेल्या नातवास आठवण म्हणून १९१८ सालचा रुपया धाडण्यापूर्वीं हें आठवावें.

ज्यांना अधिक पहावेंसें वाटेल त्यांच्यासाठीं सैफाबादच्या जुन्या टांकसाळींत २०२२ सालीं संग्रहालय उघडलें आहे. आपला चारमिनार जेथें जन्मला ती जागा तेथें पहावयास मिळते. नाशिकजवळ अंजनेरी येथेंहि १९८० सालापासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे.

शेवटीं एक विनंति. संग्रह म्हटला कीं लोकांना पैसा आठवतो. परंतु गरिबालाहि करतां येईल असा एक संग्रह आहे, तो वहीचा. घरांत जीं नाणीं असतील तीं एकदां बाहेर काढा, प्रत्येकाचें साल, वजन व चिन्ह लिहा, आणि तें घरांत कसें आलें तें वडील माणसांना विचारून पुढें नोंदवा. कापसाच्या पट्टीचा, लग्नांतील आंदणाचा, रझाकारांच्या दिवसांत पुरून ठेवलेला, असें जें कांहीं तीं सांगतील तें लिहा. अमेरिकेंत डॉलर वितळले त्याचें फारसें दुःख नाहीं, नाणीं वितळावयाचींच. दुःख याचें, कीं कोणते वितळले तें कोणी लिहून ठेवलें नाहीं. आपल्या पेटींतील रुपये उद्यां विकावे लागले तर विका. पण त्याआधीं त्यांची नोंद वहींत झालेली असूं द्या. ती वही मात्र कोणत्याहि भावानें विकूं नका.